आरंभीची शिल्लक

कृत्तिकांच्या भोवती निळसर धूळ असते.
ती टिपायला मी लश्करमधल्या आमच्या गच्चीवर बसतो
आणि आधी माझीच धूळ आड येते:
दगडखाणींवरून वाहत आलेली, तांबूस, बारीक,
ग्वाल्हेरची.
तिचा एक कण काचेवर बसला
की फोटोत त्याचं कडबोळं होतं,
मधे भोक असलेलं, फिकट काळं.

त्यावर उपाय आहे. सकाळी दुर्बिणीच्या तोंडावर
धुतलेला पांढरा पंचा ताणून बांधायचा,
कोऱ्या उजेडाचे तीस फोटो घ्यायचे
आणि रात्रीच्या फोटोंना त्यांनी भागायचं.
भागाकारात कडबोळी विरतात,
कोपऱ्यांतला अंधार सपाट होतो.
व्हायला हवा.

माझी कडबोळी पांढरी झाली.
चारही कोपरे उजळले, मधे खड्डा,
आणि खड्ड्यात कृत्तिका,
ताटलीच्या तळाशी उरलेल्या साबुदाण्यासारख्या.

खालच्या मजल्यावरचा अंशुल भदौरिया म्हणाला,
"अंकल, फ्लैट दोबारा लो."
घेतले. पंचा दुहेरी केला, घेतले.
पंचा सोडून उत्तरेचं नुसतं आभाळ घेतलं.
कॅमेरा अंशभरही फिरवला नव्हता,
फोकसला हात लावला नव्हता, शपथेवर सांगतो.
चार सकाळी गेल्या. पाचवीला कोहरा.
वैजयंती चहा कठड्यावर ठेवून म्हणाली,
"पंच्याचा काय दोष असणार?
तो बिचारा पांढराच आहे."

एकतीस वर्षं मी महालेखाकार कार्यालयात
दुसऱ्यांच्या वजाबाक्या तपासल्या.
भागाकार फुगला तर त्याआधीची वजाबाकी बघावी,
हे मला पंच्याच्या आधी सुचायला हवं होतं.

झाकण लावून काढलेले अंधाराचे फोटो
सगळ्यात आधी वजा होतात.
त्यांत असते यंत्राची कुजबुज, तापट ठिपके,
आणि शून्याखाली घसरू नये म्हणून
प्रत्येक ठिपक्याच्या हाती आधीच ठेवलेली
थोडी उसनवारी.
माझे अंधार मार्चमधले.
तेव्हा उसनवारीचा आकडा दहा होता.
दिवाळीत मी तो पन्नास केला
आणि विसरलो.

म्हणजे ठिपक्या-ठिपक्यात चाळिसाचा फरक,
कुठल्याच ताऱ्याचा नसलेला उजेड,
आणि भागाकार इमानानं तोही वाढवत होता,
कोपऱ्यात सर्वांत जास्त.
आमच्या खात्याच्या भाषेत:
आरंभीची शिल्लक चुकली.

मग रामसेवक कुशवाह आठवला.
भिंडच्या ट्रेझरीतला, डावखुरा, कानावर मफलर.
त्याची वही दर महिन्याला तेवढ्याच रकमेनं फुगायची.
मी एकेक व्हाउचर उलटंपालटं केलं,
लाल शाईनं समास भरले,
त्याची वेतनवाढ दोन वर्षं अडली.
चूक गेल्या सालच्या पहिल्या ओळीत होती,
आणि त्या ओळीखाली सही माझी.
"आक्षेप निकाली" असं लिहिलं.
दुसरं काही लिहायला फॉर्मात जागा नव्हती.

आज कॅमेरा उणे दहावर गार केला,
झाकण लावलं, वर काळं फडकं,
पाच-पाच मिनिटांचे चाळीस नवे अंधार.
"काय दिसतंय?" वैजयंती.
काहीच नाही, म्हटलं.
"मग एवढं टक लावून काय बघताय?"

रात्री पुन्हा भागलं. खड्डा भरला.
सहा बहिणींच्या भोवती विरळ निळी धूळ,
कुणी नुकतंच पुसून गेल्यासारखी.
अंशुलनं डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं,
"अंकल, ये एक रह गया."
राहिलं खरं. फ्लॅटनंतर बसलेला कण असावा.

जुन्या डायरीत कुशवाहचा नंबर आहे, पाच आकडी.
तो आता लागत नाही.
त्याच्या आधी कुठला आकडा जोडायचा
ते कुणाला तरी विचारायला हवं.